सतरा पावसाळे उभी राहिलेली येझदी : जाम इंजिन सोडवण्याचा एक प्रकरण अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्यातल्या, समुद्रापासून फार लांब नसलेल्या एका गावी, चिऱ्याच्या भिंतींच्या कौलारू पडवीत एक येझदी २५० मोटरसायकल सतरा वर्षे उभी होती. १९७६ साली नोंदवलेली ही गाडी तिचे मालक, ज्यांना सारे गाव गुरुजी म्हणते, २००४ पर्यंत रोज शाळेत जायला वापरत असत. निवृत्तीनंतर गुडघ्यांनी साथ सोडली आणि गाडी पडवीच्या कोपऱ्यात गेली. २०२१ च्या दिवाळीनंतर त्यांनी ती माझ्या ताब्यात दिली, तेव्हा त्यांची अट एकच होती : "वेळ लागला तरी चालेल, पण ठोकून काढू नकोस रे बाबा. आहे तेच इंजिन चालायला हवं." या लेखात त्या इंजिनाचे जाम झालेले भाग कोणत्या क्रमाने, कशाच्या आधाराने आणि कोणत्या चुका टाळून सोडवले, त्याची नोंद आहे. रंगकाम, वायरिंग आणि सायकलभाग (चासी, चाके वगैरे) यांचा विचार येथे केलेला नाही.

ज्यांनी ही गाडी उघडलेली नाही त्यांच्यासाठी रचना थोडक्यात सांगतो. मुंबईच्या इराणी कुटुंबाने चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाडीचा परवाना घेऊन म्हैसूरला आयडियल जावा हा कारखाना उभा केला, १९६१ मध्ये तेथे उत्पादन सुरू झाले, १९७३ पासून गाड्यांवर येझदी हे नाव आले आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. २५० चे इंजिन एका सिलिंडरचे, टू-स्ट्रोक, ६५ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) आणि ७५ मिलिमीटर स्ट्रोकचे (पिस्टनची वर-खाली धाव) आहे. सिलिंडर, म्हणजे गॅरेजच्या भाषेतला ब्लॉक, बिडाचा. पिस्टन, हेड आणि क्रँककेस ॲल्युमिनियमचे. क्रँकच्या, म्हणजे पिस्टनमुळे फिरणाऱ्या दांड्याच्या, डाव्या टोकाला प्रायमरी चेन आणि क्लच, उजव्या टोकाला डायनॅमोचे आर्मेचर, म्हणजे त्याचा फिरणारा भाग. किक मारायची तीच दांडी पुढे वळवली की गिअरची दांडी होते. यातला एकेक तपशील पुढे उपयोगी पडला, म्हणून तो आधी नोंदवला.

गाडी आली तेव्हा किक दगडासारखी घट्ट होती. माझ्याकडे येण्यापूर्वी कोणीतरी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकून उतारावरून ढकलली होती आणि किकच्या दांडीवर दोन माणसे उभी केली होती, असे गुरुजींच्या मुलाने सांगितले. त्याचा परिणाम समोर दिसत होता. दांडीच्या आतल्या खाचा झिजून गोल झाल्या होत्या, तरी इंजिन जागचे हलले नव्हते. स्पार्क प्लग कधीच कोणीतरी काढून नेला होता आणि त्याच्या भोकात चिंधीचा बोळा होता. बोळ्याचा हेतू चांगला होता, पण कापड पावसाळ्यात दमट होते आणि तो ओलावा महिनोन् महिने धरून ठेवते, त्यामुळे उघड्या भोकापेक्षा हा बोळा अधिक घातक ठरला असावा. कार्ब्युरेटरही जागेवर नव्हता. कोकण किनाऱ्यावर दर वर्षी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि वाऱ्यात मीठ असते. अशा हवेला इंजिनात शिरण्यासाठी वरून एक आणि मागून एक, असे दोन रस्ते सतरा वर्षे मोकळे होते.

नेमके काय अडले आहे?

"इंजिन जाम आहे" हे वाक्य निदान नाही, ती फक्त तक्रार आहे. किक आणि पिस्टन यांच्यामध्ये गिअरबॉक्स, क्लच, प्रायमरी चेन, क्रँकचे मुख्य बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचे मोठे आणि लहान टोक, आणि दुसऱ्या बाजूला डायनॅमो एवढे दुवे असतात. यांपैकी कोणताही एक अडला तरी किक हलत नाही, आणि प्रत्येकाचे कारण वेगळे असल्यामुळे उपायही वेगळा असतो. बिडाला चिकटलेली बिडाची रिंग गंजामुळे अडते. ॲल्युमिनियम पांढऱ्या भुकटीने अडते. क्लचच्या प्लेटा जुन्या तेलाच्या चिकाने एकमेकींना धरतात. म्हणून पहिले दोन दिवस मी एकाही भागावर जोर लावला नाही.

न्यूट्रलमध्ये मागचे चाक फिरत होते, म्हणजे गिअरबॉक्सचा बाहेर जाणारा शाफ्ट मोकळा होता. डायनॅमोचे कव्हर काढून आर्मेचर आणि फील्ड कॉइलच्या मधली फट पातळ पत्र्याने सर्व बाजूंनी तपासली. ती मोकळी होती. डावे कव्हर उघडून प्रायमरी चेन पाहिली तर ती गंजलेली असली तरी तिच्या कड्या वाकत होत्या. उरले मुख्य बेअरिंग आणि पिस्टन. यातला दोषी कोण, हे ठरवण्यासाठी मी ३०० मिलिमीटर लांबीची ताठ तार क्रँकच्या उजव्या टोकाला काट्यासारखी बांधली, तिच्या टोकामागे मिलिमीटरच्या खुणांचा कागद चिकटवला आणि डावीकडच्या नटावर पाना लावून केवळ मनगटाच्या जोराने आलटून पालटून दाब दिला. तारेचे टोक जेमतेम एक मिलिमीटर हलले, मग थांबले, उलट दाब दिल्यावर तेवढेच मागे आले.

हा एक मिलिमीटर या साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा ठरला. स्ट्रोक ७५ असल्यामुळे क्रँकपिन, म्हणजे रॉड क्रँकला जेथे जोडलेला असतो ती पिन, मध्यापासून ३७.५ मिलिमीटरवर असते, म्हणजे माझी तार तिची हालचाल आठपट मोठी करून दाखवत होती. तारेच्या टोकाची एक मिलिमीटर हालचाल म्हणजे क्रँकपिनची सुमारे ०.१२ मिलिमीटर. ही हालचाल रॉडच्या दोन्ही टोकांच्या बेअरिंगमधल्या झिजेइतकी होती. मुख्य बेअरिंग गंजाने घट्ट बसले असते तर तार अजिबात हलली नसती. ती हलली, ठरावीक जागी थांबली आणि परतही आली, याचा अर्थ क्रँक फिरायला तयार आहे आणि वर पिस्टन त्याला धरून बसला आहे. येथून पुढे सगळे लक्ष ब्लॉकवर एकवटता आले.

हेड काढल्यावर पिस्टनचा माथा ब्लॉकच्या वरच्या काठापासून २२ मिलिमीटर खाली सापडला. हिशोब केला तर क्रँक वरच्या टोकापासून सुमारे ६० अंशांवर थांबला होता. ही जागा दोन कारणांनी सोयीची निघाली. एक म्हणजे या कोनात पिस्टनवरचा दाब जवळजवळ पूर्णपणे क्रँक फिरवण्याच्या कामी येतो. पिस्टन अगदी वर किंवा अगदी खाली अडकला असता तर तोच दाब रॉड आणि बेअरिंगवर सरळ आदळला असता. दुसरे म्हणजे एवढ्या उंचीवर एक्झॉस्टची दोन्ही दारे, म्हणजे ब्लॉकच्या भिंतीतली धूर बाहेर जाण्याची तोंडे, पिस्टनच्या अंगाने झाकलेली असतात, त्यामुळे वर ओतलेले तेल दारांतून वाहून न जाता पिस्टनच्या माथ्यावर तळ्यासारखे थांबते. याच स्थितीत इनलेटचे दार मात्र पिस्टनच्या खालच्या काठाखाली किंचित उघडे राहते. ओली हवा क्रँककेसमध्ये पोहोचली ती या फटीतून.

जे उपाय नाकारले

बोअरच्या पिस्टनवरच्या भागात खरपुडीसारखा तांबूस गंज होता आणि पिस्टनच्या कडेभोवती पांढरी भुकटी जमली होती. लोखंडाचा गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, आणि या इंजिनात पिस्टन व बोअर यांच्यातले अंतर एक दशांश मिलिमीटरहूनही कमी असते. ती फट गंजाने भरली की पिस्टन पाचरीसारखा बसतो.

ओळखीच्या लोकांनी सुचवलेले काही उपाय मी विचारपूर्वक बाजूला ठेवले. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि बिडाला फारसा त्रास देत नाही, म्हणून सुट्या बिडाच्या ब्लॉकमध्ये अडकलेला पिस्टन विरघळवून काढता येतो, हे खरे आहे. परंतु येथे ब्लॉक क्रँककेसवर बसलेला होता आणि क्रँककेसही ॲल्युमिनियमची आहे. शिवाय या क्रियेत हायड्रोजन वायू सुटतो, जो बंद पडवीत साठला तर ठिणगीने पेटतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात विजेने गंज काढण्याची पद्धत लोखंडासाठी उत्तम आहे, पण तीही ॲल्युमिनियमला मानवत नाही. प्लगच्या भोकातून ग्रीसगनने ग्रीस भरून पिस्टन ढकलण्याचा उपाय प्रभावी आहे, पण ६५ मिलिमीटर व्यासाच्या माथ्याचे क्षेत्रफळ ३३ चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे दर चौरस सेंटिमीटरला ७० किलो एवढ्या दाबालाही पिस्टनवर २,३०० किलोंचा भार येतो, आणि हातात धरलेल्या ग्रीसगनला हा दाब काहीच अवघड नाही. हा भार कधी थांबवायचा हे हाताला कळत नाही, म्हणून तो अखेरचा उपाय म्हणून राखून ठेवला.

इंजिन तापवण्याबद्दल मात्र थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण येथे बहुतेकांची गफलत होते. "तापवलं की सैल होतं" हा नियम बेअरिंगसारख्या ठिकाणी बरोबर लागू पडतो, कारण तेथे पोलादी कडे आत आणि ॲल्युमिनियमचे घर बाहेर असते. पिस्टनच्या बाबतीत हे उलटे आहे, ॲल्युमिनियम आत आणि बीड बाहेर. दोन्ही १०० अंशांनी तापले तर ६५ मिलिमीटरचा पिस्टन सुमारे ०.१५ मिलिमीटर फुगतो आणि बोअर फक्त ०.०७ मिलिमीटर मोठा होतो. अख्खे इंजिन भट्टीत घातले तर ते अधिकच आवळले जाईल. पिस्टनचे तापमान ब्लॉकच्या निम्म्याहून कमी वाढले तरच सैलपणा मिळतो. म्हणजे ब्लॉक बाहेरून झपाट्याने तापवायचा आणि त्याच वेळी पिस्टन थंड ठेवायचा.

तेवीस दिवस

बोअरचा पिस्टनच्या वरचा भाग आधी ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हातानेच साफ केला. पिस्टन वर न सरकवता खालीच सरकवायचा, हे आधीच ठरवले होते, कारण त्याच्या अंगाखालचा बोअर इतकी वर्षे झाकलेला असल्याने स्वच्छ असण्याची शक्यता अधिक होती. मग माथ्यावर ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल आणि ॲसिटोन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण ओतले. ही दोन द्रव्ये एकमेकांत टिकून राहत नाहीत, म्हणून प्रत्येक वेळी बाटली हलवूनच ओतावे लागते. ॲसिटोनची वाफ साध्या खोलीच्या तापमानालाही पेट घेते, त्यामुळे हे काम उघड्या अंगणात केले. बाजारात सहज मिळणारा डब्ल्यूडी-४० फवारा नावाप्रमाणे मुळात पाणी हटवण्यासाठी बनवलेला आहे. ओलसर जागा कोरडी करायला मी तो वापरला, पण अशा खोल जामासाठी त्यावर भिस्त ठेवली नाही.

पहिले तीन दिवस तेलाची पातळी तसूभरही उतरली नाही. चौथ्या दिवशी ती सुमारे तीन मिलिमीटर खाली गेलेली आढळली, पण त्यातले किती ॲसिटोन हवेत उडून गेले हे सांगता येत नसल्यामुळे मी त्यावर विसंबलो नाही. सहाव्या दिवशी सकाळी इनलेटच्या तोंडातून टॉर्च मारून पाहिले तेव्हा पिस्टनच्या खालच्या काठावर चहाच्या रंगाचा एक थेंब लोंबत होता. तो बोटावर घेतला तर त्यात गंजाची रवाळ कणी लागली. तेल रिंगांना ओलांडून आरपार गेले होते. त्या थेंबानंतर काम होणार याबद्दल मला शंका उरली नाही, केवळ किती दिवस लागणार हे ठरायचे होते.

दाब देण्यासाठी बाभळीचा ठोकळा सुताराकडून ६४ मिलिमीटर व्यासाचा गोल करून घेतला आणि त्याचा तळ किंचित पोखरून घेतला, जेणेकरून भार पिस्टनच्या माथ्याच्या मध्यावर न पडता कडेवर, म्हणजे जेथे पिस्टनचे अंग सुरू होते तेथे पडावा. माथ्याच्या मधोमध हातोडी बसली तर जुन्या पिस्टनला भोक पडायला वेळ लागत नाही. हेड ज्या आट्यांवर बांधले जाते त्यांचाच आधार घेऊन ठोकळ्यावर जाड लोखंडी पट्टी बसवली आणि पट्टीच्या मधल्या बोल्टने ठोकळा दाबात ठेवला. पाना लांब धरायचा नाही, मुठीजवळ धरूनच आवळायचा, एवढे बंधन पाळले. दर दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढून तेल पूर्ण टिपून घ्यायचे, माथ्यावर बर्फाने भरलेले स्टीलचे फुलपात्र ठेवायचे, गॅस टॉर्च ब्लॉकच्या पंखांभोवती सतत फिरवत पाच-सात मिनिटे धरायची, पंखांवर शिंपडलेला पाण्याचा थेंब चरचरून नाचू लागला की थांबायचे, आणि ब्लॉक हाताला सोसेल इतका निवल्यावरच नवे तेल ओतून पट्टी पुन्हा आवळायची. गरम ब्लॉकवर हे मिश्रण ओतणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. निवताना धातू आकसतो आणि फटीतले तेल आणखी आत ओढले जाते, असा माझा अनुभव आहे. नुसत्या भिजवण्यापेक्षा या तापण्या-निवण्याच्या फेऱ्यांनी अधिक काम केले.

तेविसाव्या रात्री जेवणानंतर पडवीतून सुपारी फुटल्यासारखा टक् असा आवाज आला. जाऊन पाहिले तर तारेचा काटा कागदाच्या खुणांपलीकडे गेला होता आणि पट्टीचा बोल्ट हाताने फिरत होता. पिस्टन चार मिलिमीटर खाली उतरला होता.

अशा वेळी पुढचा सगळा प्रवास एका दमात उरकण्याचा मोह होतो आणि नेमक्या त्याच वेळी रिंगा तुटतात, रॉड वाकतो. मी पाना लावून क्रँक दोन मिलिमीटर पुढे, एक मागे, असा फिरवत गेलो. प्रत्येक फेरीनंतर बोअरवर येणारा तपकिरी लगदा फडक्याने टिपला आणि ताजे तेल दिले. पूर्ण फेरा व्हायला चार तास लागले.

ब्लॉक, स्टड आणि बाकीचे

एक्झॉस्टचे दोन्ही खाचांचे गोल नट हुक पान्याने एका झटक्यात सुटण्याची अपेक्षाच नव्हती. छिन्नीने ठोकले तर खाचा तुटतात, म्हणून नट तापवून त्याच्या काठाला साधी मेणबत्ती टेकवली. मेण वितळून आट्यांत शोषले जाते आणि निवतानाही वंगणाचे काम करते. तिसऱ्या तापवणीला दोन्ही नट हलले. ब्लॉकच्या पायथ्याचा मागचा एक नट मात्र सुटण्याऐवजी स्टडच, म्हणजे केसमध्ये रोवलेला बिनडोक्याचा बोल्टच, घेऊन तुटला. हाताला तो पीळ जाणवला होता; पाना फिरतो आहे पण नट वर येत नाही, अशी ती मऊ हालचाल असते, आणि तेथेच मी थांबायला हवे होते.

तुटलेला तुकडा ॲल्युमिनियमच्या क्रँककेसमधून सहा मिलिमीटर वर उरला होता. त्याला लगेच हात लावला नाही. क्रँककेसमध्ये ज्वालाग्राही तेल मुरलेले असताना वेल्डिंग करणे शक्यच नव्हते. आधी इंजिन पूर्ण उघडून केसचे दोन्ही अर्धे रॉकेलने, नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुतले, उन्हात वाळवले, आणि मग वेल्डरकडून तुकड्यावर मोठा नट आतून भरून वेल्ड करून घेतला. अर्थिंगचा चिमटा स्टडच्या शेजारी लावायला सांगितले, कारण तो लांब लावला आणि वाटेत बेअरिंग असले तर करंट बेअरिंगच्या गोळ्यांतून जाऊन त्यांवर डाग पाडतो. वेल्डची उष्णता, मग मेणबत्ती, मग पाव फेरा पुढे आणि पाव फेरा मागे. तुकडा बाहेर आला तेव्हा त्याच्या आट्यांत मिठासारखी पांढरी भुकटी भरलेली होती. केसचे आटे शाबूत राहिले.

केसचे दोन अर्धे वेगळे करताना सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचे नाही, हे पुन्हा सांगणे भाग आहे. टू-स्ट्रोकची क्रँककेस हवाबंद असावी लागते आणि सांध्यावरचा एक ओरखडा पुढे कायम त्रास देतो. बेअरिंगच्या घराभोवती केस १०० अंशांच्या आसपास तापवली की ६० मिलिमीटरच्या बेअरिंगभोवती अर्ध्या दशांश मिलिमीटरची मोकळीक तयार होते आणि केस स्वतःच्या वजनाने सरकते. मुख्य बेअरिंग फिरत होते, तरी त्यांच्या धावपट्ट्यांवर गंजाचे ठिपके होते, म्हणून ते आणि ऑइल सील बदलले. रॉडचे मोठे टोक झिजलेले होते, हे तारेने आधीच सांगितले होते. क्रँक प्रेसवर उघडून नवी पिन घातली. क्लचच्या कॉर्कच्या प्लेटा डिझेलमध्ये तीन दिवस ठेवल्यावर आपोआप सुट्या झाल्या. किकचा शाफ्ट आणि गंजलेले इतर लोखंडी भाग एक भाग मळी आणि नऊ भाग पाणी अशा मिश्रणात दोन आठवडे बुडवले. वास फार येतो, पण चांगल्या लोखंडाला धक्का न लावता गंज निघून जातो. या मिश्रणात ॲल्युमिनियम घालू नये.

वरची रिंग खाचेतून तुकड्यातुकड्यांनी निघाली. टू-स्ट्रोकमध्ये रिंगेचे तोंड दारात अडकू नये म्हणून खाचेत बारीक पिन असते. ती पिन गंजून गेली होती, त्यामुळे पिस्टन वाचला तरी वापरण्याजोगा राहिला नाही. गुरुजींना हे सांगताना मला वाईट वाटले. बोअरवर रिंगांच्या जागी गंजाने खड्डे पाडले होते आणि मोजता आलेला सर्वांत खोल खड्डा ०.१५ मिलिमीटर भरला. तो पुसायचा तर व्यासात किमान ०.३० वाढवणे आले, म्हणून ०.५० ओव्हरसाइज, म्हणजे मूळ मापाहून तेवढे मिलिमीटर मोठा, पिस्टन निवडला आणि त्याच्या प्रत्यक्ष मापावरून टर्नरने ब्लॉक बोअर व होन केला, म्हणजे आतून कापून मोठा केला आणि दगडाने बारीक घासला. पिस्टन हातात येण्यापूर्वी बोअर करून ठेवणे ही मोठी चूक आहे, कारण त्याच क्रमांकाच्या दोन पिस्टनांतही फरक आढळतो.

बोअरिंगनंतर मागच्या बाजूला खसखशीच्या दाण्याएवढा एक खड्डा उरला. तो घालवण्यासाठी ०.७५ वर जाता आले असते, पण मग पुढच्या बोअरिंगसाठी ब्लॉकमध्ये जागा कमी उरली असती. बोट फिरवून पाहिले, काठ धारदार नव्हता, आणि गुरुजींना विचारून तो तसाच ठेवला. इंजिन सातव्या किकला सुरू झाले. ५०० किलोमीटर झाल्यावर हेड काढून टॉर्चने पाहिले : खड्डा काजळीने भरून सपाट झाला आहे, त्याच्या वर किंवा खाली ओरखडा नाही आणि होनिंगच्या तिरक्या रेषा सगळीकडे स्पष्ट दिसतात. पुढची तपासणी २,००० किलोमीटरला करायची, असे गाडीच्या वहीत लिहून ठेवले आहे.